प्रीअँपने पडलेला फरक

गेल्या रविवारी सातजण माझा अँप्लिफायर ऐकायला वर्तकनगरला आमच्या घरी आले आणि माझ्या नवऱ्याशी गप्पा मारून गेले.

आमचा एक ग्रुप आहे, जुन्या पद्धतीच्या, काचेच्या व्हॉल्व्हवाल्या अँप्लिफायरच्या वेड्यांचा. ठाणे, कल्याण, डोंबिवली... महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि गाणी ऐकायची. ग्रुपमध्ये बाई मी एकटीच. यावेळी पाळी माझी होती.

माझा अँप्लिफायर इंटिग्रेटेड आहे. म्हणजे नाजूक सिग्नल सांभाळणारा प्रीअँप आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप एकाच डब्यात. ग्रुपमधल्या जाणकारांच्या मते दोन्ही वेगळेच हवेत, नाहीतर ती तडजोड. मी मात्र कानाला पटला म्हणून हाच घेतला. रोज ऑफिसमधून आल्यावर अर्धा तास मी त्याच्यासमोर बसते. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो.

तर मंडळी आली. चपला काढता काढताच कुलकर्णी सरांनी, म्हणजे ग्रुपमधल्या सर्वात ज्येष्ठांनी, माझ्या नवऱ्याला विचारलं, "काय मिलिंदराव, व्हॉल्व्ह कुठले टाकलेत?" मिलिंदला त्यातलं ओ की ठो कळत नाही. उत्तर मी दिलं. सरांनी मान डोलावली... मिलिंदकडे बघून.

पुढचे प्रश्नही त्यालाच. मला एवढंच, "वहिनी, माझ्या चहात साखर कमी हं." ज्यांच्याशी मी ग्रुपवर वर्षानुवर्षं तावातावाने वाद घालते, त्यांच्यासाठी उंबऱ्याच्या आत मी वहिनी झाले!

मानपाड्याच्या सतीशने स्वतःचा सेपरेट प्रीअँप आणला होता. माझ्या अँप्लिफायरला मागून तो जोडायची सोय आहे, मग आतला प्रीअँप बाजूला पडतो. जोडला, आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. मी म्हटलं, दोन्हीचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डला लावा. कुणी लक्षच दिलं नाही. वायरी बदलून झाल्या, सोसायटीच्या वायरिंगला शिव्या देऊन झाल्या... मग सर म्हणाले, "दोन्ही एकाच बोर्डला लावून बघा रे." घूं बंद. "वा सर!"

तेही मी गिळलं. ऑफिसातही हेच चालतं, सवय आहे.

मग गाणी... गाणी कसली, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे! प्रीअँपने आवाज खुलला, यावर सगळ्यांचं एकमत झालं. इंटिग्रेटेडला मर्यादा येतातच, असं सर म्हणाले. आणि सोफ्यावर रेलून मिलिंद सगळ्यांदेखत म्हणाला, "मी तिला पहिल्यापासून तेच सांगतोय."

या माणसाने माझ्या अँप्लिफायरबद्दल आजवर "केवढा तापतो गं हा" याखेरीज एक वाक्य उच्चारलेलं नाही. बाकीच्यांचा मला राग आला होता. त्याचं वाईट वाटलं. तो माझ्या बाजूचा आहे, असं मी धरून चालले होते.

सतीश प्रीअँप आठवडाभर ऐकायला ठेवून गेला. जाताना मिलिंदला म्हणाला, "दादा, निवांत ऐका आणि कळवा." दादांना! मंडळी गेल्यावर मी आधी त्याच्या वायरी काढल्या आणि माझा अँप्लिफायर होता तसा केला. सतीशचा डबा तेवढा शेल्फवर राहिला, कारण घरात दुसरीकडे जागा नव्हती.

सोमवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी रेकॉर्ड लावून बसले होते. मिलिंद आला आणि चक्क शेजारी बसला. मोबाईल बाजूला ठेवून, डोळे मिटून त्याने रेकॉर्डची अख्खी बाजू ऐकली. असं आमच्या घरात कधीच झालं नव्हतं... क्षणभर मी सगळं विसरले.

मग डोळे उघडून त्याने सतीशच्या डब्याकडे बोट दाखवलं. "बघ, केवढा फरक पडलाय! आपण पण एक घेऊया." डब्याचा प्लगसुद्धा लावलेला नव्हता.

मी उठून रेकॉर्ड पाकिटात ठेवली. तो तिथेच बसून सतीशला फोनवर सांगत होता, की गाणं म्हणजे काय ते आज कळलं.

मिलिंद ही पोस्ट वाचेल, ग्रुपवाले वाचतील. वाचू देत.

सतीश, तुझे आभार. प्रीअँप तयार ठेवलाय, येऊन घेऊन जा. दादांनी तुला फोनवर ज्या आवाजाचं एवढं कौतुक सांगितलं, तो माझा होता.