खताच्या पोत्यातला कापूस

माझा स्वभाव तापट. घरचे म्हणतात, हिला राग यायला निमित्त लागत नाही, आणि लागलंच तर ही स्वतः तयार करते. पण त्या वर्षी दिवाळी सरल्यावर मी नुसती हवेत होते. मानवत तालुक्यातल्या आमच्या गावात शेतकऱ्यांनी मिळून एक छोटी कंपनी काढली होती आणि कापूस खरेदीचं काम माझ्याकडं होतं. एका मोठ्या सूतगिरणीनं कळवलं की कापूस स्वच्छ असला तर थेट तुमच्याकडूनच घेऊ, दरसाल घेऊ, आणि भाव असा देऊ की वेचणाऱ्या बायांची मजुरी वाढवता येईल. ही बातमी मी गावभर सांगितली. ज्या जावेशी माझं चार महिने बोलणं बंद होतं, तिलाही सांगून आले.

अट एकच होती, कापसात प्लास्टिकचा धागा सापडायला नको. आता आमच्याकडं वेचणी कशात होते? खताच्या रिकाम्या पोत्यात. पोत्याची कड उसवते, तिचे निळे-पांढरे धागे कापसात मिसळतात, आणि सुतात गेलेला असा धागा रंगच धरत नाही. मग त्या कापडाला कोण विचारतो? म्हणून गिरणीनं आपल्या खर्चानं सुती पिशव्या पाठवल्या होत्या. मी त्या घरोघर वाटल्या, पारावर बायांना बसवून भाषण ठोकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो आपण.

गिरणीची खरेदी बघणारी मॅडम पाहणीला येणार, त्याच्या आदल्या सकाळी मी सहज रानात चक्कर मारायला गेले. बाया ओळीनं वेचत होत्या आणि प्रत्येकीच्या कमरेला खताचं पोतं. एकीजवळही सुती पिशवी नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बांधावरूनच तोंड सोडलं ते थांबेना. लाजा कशा वाटत नाहीत इथपासून तुमच्या सात पिढ्यांनी कधी चांगलं पाहिलंय का इथपर्यंत सगळं बोलून घेतलं. बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलेलं माघारी येतं का?

बायांच्या टोळीची म्होरकी एक मावशी होती. साठीच्या पुढची, अंगानं काडी, पण दिवसभर वेचून सगळ्यांत जास्त कापूस तिचाच भरायचा. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, मग शांतपणे म्हणाली, "झालं का ताई? आता पानी प्या."

मी पाणी प्यायले. पिशव्या कुठायत म्हणून विचारलं. तर एकीनं तिच्यात डाळ भरून ठेवलेली, एकीनं टीव्हीवर घातलेली, आणि दोघी-तिघींनी संक्रांतीला वाण द्यायला म्हणून कोऱ्याच्या कोऱ्या घडी करून ठेवलेल्या. मला हसावं का रडावं कळेना.

"अवो, पन वापरल्या का न्हाईत?"

"वापरल्या की. पयल्याच दिवशी वापरल्या," मावशी म्हणाली. "ती पिशवी लय लांब हाय. कमरंला बांधली की पायात येती. वाकलं की पऱ्हाटीत अडकती. ही पोरगी दोनदा तोंडावर पडली. किलोवर मजुरी हाय ताई, पडत-झडत येचून कसं भागंल?"

"मग मला सांगायचं न्हाई का?"

"तुमी एवढ्या हौसेनं वाटत व्हता, कसं म्हनावं की जमत न्हाई? आन् तुमी इचारलं कवा?"

खरंच की. भाषण मी दिलं होतं, विचारलं कुणालाच नव्हतं. गिरणीनं माप ठरवलं, मी वाटप केलं, आणि जिच्या कमरेला ती बांधायची तिला कुणी हाक मारली नाही. मी मटकन बांधावर बसले.

मावशीनं मात्र डोकं धरलं नाही. तिची आई जुन्या सुती लुगड्याची ओटी करून वेचायची. कमरेला बांधायची आखूड झोळी, पुढून उघडी, खाली गाठ. गाठ सोडली की कापूस घळाघळा ढिगावर. मावशी म्हणाली, एका पिशवीच्या दोन ओट्या व्हतील. झालं, सगळ्या कामालाच लागल्या. डाळ डब्यात गेली, टीव्ही उघडा पडला, वाणाच्या घड्या मोडल्या. गावातल्या दोन शिलाई मशिनी दुपारभर खडखडत होत्या आणि मी कात्री घेऊन मावशी दाखवील तिथं कापत होते. उन्हं उतरायच्या आत बाया नव्या ओट्या बांधून रानात परतल्या. काय भरभर वेचत होत्या! मला तर नाचावंसं वाटत होतं.

पण पोत्यात वेचलेला आधीचा ढीग होताच. तो मी मागच्या शेडमध्ये टाकून कडी लावून घेतली. म्हटलं, झाकली मूठ. उद्याचा दिवस निघू दे, मग हा मोंढ्यात व्यापाऱ्याला विकू. एकदा ही गिरणी हातची गेली की परत कोण येतंय आमच्या गावात?

दुसऱ्या दिवशी मॅडम आली. माझ्या पोरीच्या वयाची, पण नजर बारीक. ओट्या बघून खूश झाली, कुणाला सुचलं म्हणून विचारलं. मग मला म्हणाली, "म्हणजे सगळा कापूस यातच वेचलाय ना?"

"हो तर," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

"न्हाई," मागून मावशीचा आवाज आला. "कालपासून. त्याच्या आदीचा पोत्यात येचलाय. शेडात हाय."

मनात आलं, या म्हातारीनं अख्ख्या गावाचं वाटोळं केलं. मी तिच्याकडं असं बघितलं की दुसरी कुणी असती तर पळाली असती. ती हलली नाही.

"उद्या गिरनीत धागा निघाला तर नाव कुनाचं निघंल, ताई? तुमचं न्हाई निघनार. येचनाऱ्या बायांनी घान केली म्हनतेल."

मॅडमनं कडी काढायला लावली. ढिगात हात घातला, एक निळा धागा काढून बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "पिशवीचं माप आमच्या ऑफिसनं दिलं होतं. तीही चूकच. चूक सांगितली तर दुरुस्त करता येते हो. लपवली तर मी तुमच्यावर भरवसा कसा ठेवू?"

मी मान खाली घातली. आयुष्यात फार कमी वेळा घातली आहे.

शेडातला ढीग घ्यायचा नाही, ओटीतला घ्यायचा, असं ठरलं. आणि एक अट वाढली. यापुढं प्रत्येक गाडी मावशी तपासणार, तिनं हो म्हटल्याशिवाय माल हलणार नाही, आणि त्या कामाची मजुरी तिला वेगळी. मावशीनं अट दोनदा समजावून घेतली आणि मग पदरानं डोळे पुसले. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि तिच्यापुढं लाजही वाटली, दोन्ही एकदम.

पहिली गाडी भरायची त्या दिवशी मी पहाटेपासून धावपळ करत होते. टेम्पोच्या हौद्यात चढून मी स्वतः कापूस दाबत होते, याला हाक मार, त्याला ओरड. ड्रायव्हर चावी लावून बसलेला. मावशीनं गाडीभोवती फेरी मारली, इथून तिथून मूठमूठ काढून उन्हात धरली, आणि माझ्याजवळ येऊन थांबली.

"गाडी जानार न्हाई," ती म्हणाली. "आदी तुमी खाली उतरा, ताई."

"का? मी काय केलं?"

तिनं कापसातून एक गुलाबी धागा उपसून माझ्यापुढं धरला. माझ्या नव्या नायलॉनच्या साडीचा. पदर उसवला होता आणि मी जिथं जिथं कापूस दाबला होता, तिथं तिथं त्याचे धागे सांडले होते.

सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. चार दिवसांपूर्वीची मी असते तर काहीतरी बोलले असते. मी उतरले. तिनं दोघींना वर चढवलं, गुलाबी धागे एकेक करून वेचून काढायला लावले, पुन्हा मूठ उन्हात धरली, आणि मगच ड्रायव्हरला हात केला. टेम्पो मानवतच्या रस्त्याला लागला तेव्हा मी पदर कमरेला घट्ट खोचून रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवत होते.