मापाडी अप्पांची बुटकी वांगी

मापाडी अप्पा कुणाच्याही हातातली पिशवी आधी आपल्या हातात घ्यायचे आणि मगच 'बसा' म्हणायचे. पिशवी एकदा वरखाली केली की वजन सांगून मोकळे. "तीन किलो शंभर." सहसा चुकायचे नाहीत. लातूरच्या आडत बाजारात त्यांचा जन्म पोती तोलण्यात गेला होता. मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाठोडंही तोललं. म्हणाले, "अक्का, संसार लई हलका हाय तुमचा."

"जड होता तो किल्लारीकडं गाडला गेला," मी म्हणाले. त्यावर त्यांनी भाडं कमी सांगितलं.

भूकंपात माझी सासू आणि धाकटी मुलगी माळवदाखाली गेल्या. माळवद म्हणजे लाकडांवर हातभर मातीचा थर, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून घातलेला. तेव्हापासून डोक्यावर काही जड असलं की मला भीती वाटते. मुलगा एसटीत ड्रायव्हर, चार-चार दिवस बाहेर. त्याला मी हे सांगत नाही. सांगून भीती जात नाही, नुसती चर्चा होते.

घर अप्पांचं. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागची एक माझी, वर सगळ्यांचा मिळून एकच स्लॅब. बायको गेलेली, मुलगी नांदेडला दिलेली. माणसाला उद्योग हवा म्हणून अप्पांनी गच्चीवर भाजी लावायला घेतली. एका दुपारी मी भाकरी थापत होते आणि वर काहीतरी ओढल्याचा घर्रर्र आवाज झाला. मी पिठाच्या हातानं अंगणात पळाले.

"अप्पा! वर काय चाललंय?"

"माती भरायलोय, अक्का. वांगी लावतो. ड्रम हाय."

"माझ्याच डोक्यावर का? तुमच्या डोक्यावर लावा की."

कठड्यावरून वाकून ते म्हणाले, "माझ्या डोक्यावर पाण्याची टाकी हाय. हजार लिटर. म्हंजे हजार किलो. मी रोज तिच्याखाली झोपतो." आणि हसले. मला हसू आलं नाही.

मी आठवडाभर अंगणात खाट टाकली. शेजारणी विचारू लागल्या. अप्पांनी विचारलं नाही. एका सकाळी काटा खांद्यावर घेऊन वर गेले, ड्रम तोलून रिकामे केले आणि खाली येऊन म्हणाले, "ओली माती लई खोटी, अक्का. पानी घातलं की वजन चढवती. तुमचं बराबर हाय. काटा कुनाची भीड धरत न्हाई."

मग त्यांनी माती कमी करायचा नादच घेतला. ड्रमच्या जागी रंगाच्या बादल्या आल्या, बादल्यांच्या जागी तेलाचे अर्धे कापलेले डबे. मातीऐवजी नारळाचा भुसा आणि शेणखत. पण एवढ्याशा डब्यात मोठं वांगं मुळं पसरणार कुठं? म्हणून ते औशाच्या बाजारापर्यंत जाऊन बुटक्या जातींचं बी शोधून आणायला लागले. वीतभर उंचीचं टोमॅटोचं झाड, त्याला बोरांएवढी फळं. गुडघ्याच्याही खाली राहणारं वांगं. गाजर तर गोल, लिंबाएवढं. दुकानदार त्यांना म्हणायचा, "अप्पा, बाहुलीचं लग्न हाय का?" अप्पा म्हणायचे, "भाडेकरीन भित्री हाय."

मला ते कळलं तेव्हा राग आला. मी तोंडावर म्हणाले, "भिते म्हणून गावभर सांगता का?"

"मग काय सांगू? शौक हाय म्हनू? मला तर भोपळा लावायचा होता, मांडव घालून."

एवढं करूनही मी वर कधी गेले नाही. दर रविवारी अप्पा खाली येऊन आकडा सांगायचे, "आज एकशेऐंशी किलो. पाऊस हाय, उद्या दोनशे." मी मान हलवायची. रात्री झोप त्या आकड्यावर ठरायची.

मग येळवस आली. आमच्याकडे वेळ अमावस्येला सगळं गाव रानात जातं, कडब्याची खोप करून पूजा करतं, सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी भाकरीबरोबर खातं, आंबील पितं. गल्ली ओस पडली. अप्पांना शेत नाही, मला नाही. त्यांनी गच्चीवरच चार पेंढ्यांची खोप उभी केली, आपल्या झाडांची भज्जी केली आणि खाली येऊन म्हणाले, "चला वर."

"मी येत नाही. माझं वजन पडेल."

त्यांनी मला आडतीतल्या पोत्यासारखं वरखाली बघितलं. "बेचाळीस." आणि वर जाऊन तीन-तीन किलोचे चौदा डबे एकेक करून अंगणात आणून ठेवले. धापा टाकत म्हणाले, "झालं बेचाळीस. आता तरी या."

मी गेले. पायरी-पायरीवर भिंत धरत गेले. भज्जीतली सुपारीएवढी वांगी अख्खीच होती. दुसरा घास घेतला आणि जमिनीखालून आवाज आला. आमच्या भागात असा आवाज अधूनमधून येतो, पण माणूस सवय करून घेऊ शकत नाही. पातेल्यावरची झाकणी थरथरली. मी जिन्याकडे धावले.

अप्पांनी मनगट धरलं. "जिन्यात न्हाई. बसा. इथं डोक्यावर आभाळ हाय फकस्त."

मी बसले. आवाज थांबला तरी त्यांनी मनगट सोडलं नाही. तसंच धरून म्हणाले, "तवा आम्हा मापाड्यांना ट्रकमधून न्हेलं होतं तुमच्याकडं. दगड उचलाया. दगड किती किलोचा, हे हात लावल्याबरोबर कळायचं, अक्का. खालचं माणूस वाचलं का न्हाई, ते बी."

मी विचारलं नाही कुठल्या गावात, कुणाच्या घरी. आम्ही थंड झालेली भज्जी खाल्ली. त्यानंतर मी त्यांना एकदाही डबे कमी करा म्हणाले नाही.

अप्पा उन्हाळ्यात गेले. ताप आला, चार दिवस दवाखान्यात होते, संपलं. मुलीनं नांदेडहून येऊन घर विकलं. नवा मालक मोजपट्टी घेऊन आला, गच्चीवरची वाळलेली झाडं त्यानं पायानं बाजूला सारली आणि म्हणाला, "आजी, तुम्ही राहा बिनधास्त. वर दोन मजले चढवतोय."

"वजन किती होईल?" मी विचारलं.

तो हसला. "कुणाला माहीत? ते इंजिनीअर बघतो."

मी मुलाला फोन करून म्हटलं, पत्र्याची खोली बघ. आता औसा रोडला राहते. दुपारी भाजून निघते. पण घर बदलल्याचं मला वाईट वाटत नाही. ज्याला किती किलो हे सांगता येत नाही, त्याच्या छताखाली मी झोपणार नाही.