चाकाला ओरखडा नाही

भडकू हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण दुसऱ्या नावानं विचारलंत तर गल्लीत कुणी दुकान दाखवणार नाही. बसथांब्यासमोरच्या जुन्या इमारतीत, जिन्याखाली, त्याचं बॅगा दुरुस्तीचं दुकान. ताठ उभं राहिलं की डोकं जिन्याला आपटतं, त्यामुळे हा माणूस एकोणतीस वर्षं वाकूनच चिडत आलेला. तुटकी चेन, निखळलेलं हँडल, उसवलेली शिवण, मोडकं चाक, सगळं तिथं बरं होतं. फक्त त्याआधी बोलणी खावी लागतात.

“किती कोंबलं होतंत यात? बॅग आहे ही, गोदाम नव्हे!” हे त्याचं स्वागत. “स्वस्तातली घेतलीत ना? तुमच्यासारख्यांवरच माझं पोट भरतं, मेहरबानी!” हा निरोप. आणि मधे एक ठरलेला पाठ. डोक्यावरच्या हुकाला एक निळी बॅग टांगलेली होती. ती काठीनं खाली काढायची, गिऱ्हाइकाच्या नाकासमोर उलटी करायची आणि म्हणायचं, “एकोणतीस वर्षांची आहे. बघा चाकं. एक ओरखडा दाखवा, दुरुस्ती फुकट.” गिऱ्हाईक बिचारं वाकून बघायचं. ओरखडा खरंच नसायचा.

ती बॅग त्याच्या बायकोची. लग्न झाल्यावर दोघं कुठंतरी लांब जाऊन येऊ म्हणून हौसेनं घेतलेली. पण त्याच आठवड्यात ही जिन्याखालची जागा मिळाली, जाणं पुढं ढकललं, आणि बॅग तात्पुरती म्हणून हुकाला गेली ती गेलीच.

स्वतः भडकूनं शहराची वेस क्वचितच ओलांडली असेल, पण जगाबद्दल त्याची मतं अगदी पक्की. बॅगेच्या हँडलला विमानाची चिठ्ठी चिकटलेली असते. ती वाचायची, मोडतोड बघायची, की लागला त्या देशाचा निकाल. एका देशाला तो कुलूपतोड्या म्हणायचा, कारण तिथून आलेल्या बॅगेचं कुलूप कधी धड नसे. एक बुरसट, तिथल्या बॅगांचं अस्तर कुबट वास मारायचं. एक चाकखाऊ. तिथून बॅग आली की एक चाक गायब आणि दुसरं झिजून बटणाएवढं. सगळ्यांत त्याचा लाडका देश म्हणजे गुळगुळीत. तिथून बॅगा यायच्या त्या नव्यासारख्या, फार तर एखादी चेन अडकलेली. “देश असावा तर असा,” तो सांगायचा. “माणसाच्या सामानाची कदर आहे तिथं.” लोक हसायचे, पण कोपऱ्यावर पोचल्यावर.

त्याची एकुलती एक लेक त्या वर्षी पदवीधर झाली. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती मुंगीसारखी बारीक आणि मुंगीसारखीच साठवणारी. कॉलेजची पायरी चढलेली घरातली ती पहिलीच. ती पाचवीत असताना भडकूचा धाकटा भाऊ आपल्या पोरांना परदेशी फिरवून आला आणि दोन तास फोटो दाखवत बसला. भडकूला ते झोंबलं. “मुंगे, तू पदवी घे, तुलाही परदेश दाखवतो, बघतच राहतील सगळे!” असं तो रागाच्या भरात बोलून बसला आणि विसरला. मुंगी कसली विसरते?

निकाल लागल्यावरच्या रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर वही उघडली. चौघी मैत्रिणी मिळून जाणार होत्या, अकरा दिवस. वहीत सात देश होते आणि त्यांतले सहा खोडलेले. एकाचं विमान स्वस्त पण तिथं जेवण महाग. एकाचं सगळं स्वस्त, पण व्हिसाची फी ऐकून डोळे पांढरे व्हावेत. एकाचं सगळं जमत होतं, तर नेमकी त्या महिन्यात तिथं वादळं. दोन महिने या पोरी कागदावर जग फिरत होत्या. उरलेल्या एका नावाभोवती मुंगीनं दोनदा गोल केला होता.

“इथं व्हिसा लागत नाही,” ती म्हणाली, “चौघींत मिळून एक घर भाड्यानं मिळतं, स्वयंपाक आपला आपण करायचा. समुद्र आहे, डोंगर आहे. आणि बाबा, माझ्या शिकवण्यांच्या पैशात सगळं बसतं. तुमच्याकडून काही नको.”

भडकूनं चष्मा लावला, गोलातलं नाव वाचलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

“हा? अगं, हा तर चाकखाऊ!”

“बाबा, तो देश आहे.”

“उकिरडा आहे उकिरडा! रस्त्यांचा पत्ता नाही, माणसं बॅगा आपटतात. वीस वर्षं बघतोय मी!”

“तुम्ही कधी गेला होतात तिथं?”

“बॅगा गेल्यात माझ्या! शेकड्यांनी! माणूस खोटं बोलेल, बॅग बोलत नाही. जायचं तर गुळगुळीतला जा.”

“तो तिप्पट महाग आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे, तुम्हीच म्हणता ना?”

“अंथरूण माझं आहे! मी ओढीन हवं तेवढं लांब! आणि ‘तुमच्याकडून काही नको’ म्हणजे काय? बापाकडं मागायची लाज वाटायला लागली? जायचं तर गुळगुळीत, नाहीतर बस घरी. स्वस्तातलं जग बघायला नाही शिकवलं तुला मी!”

खरं सांगायचं तर तो सगळा राग काही चाकांचा नव्हता. ज्या वचनावर त्यानं लेकीला पाचवीपासून वाढवलं, निदान तसं त्याला आता वाटत होतं, ते वचन लेकीनं परस्पर आपल्या पैशानं पुरं करून टाकलं होतं. हिशेबात बाप कुठंच नव्हता. हे त्याला काट्यासारखं टोचलं. पण टोचलं असं म्हणायला जी जीभ लागते ती त्याच्याकडं नव्हती, म्हणून तो चाकांवर ओरडला. असे बाप घरोघरी असतात आणि त्यांचं कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही.

मुंगी रडली नाही, भांडलीही नाही. “मग राहू दे,” म्हणाली, वही मिटली, आणि मैत्रिणींना कळवून मोकळी झाली. मंगळवारी तिघींनी तिकिटं काढली. भडकूची बायको त्या रविवारपासून त्याच्याशी बोलेनाशी झाली. ताट समोर ठेवायची ते असं, की आवाजावरूनच राग समजावा.

गुरुवारी सकाळी दुकानात नकाशाबाई आल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, दरवर्षी एकट्या परदेशी जाऊन येणाऱ्या. हातात बॅग, दोन्ही चाकं सफाचट. चिठ्ठी बघायचीही गरज नव्हती.

“पुन्हा गेलात? पुन्हा त्या चाकखाऊला?” भडकू जो सुटला तो सुटलाच. “दरवर्षी सांगतो, पालथ्या घड्यावर पाणी! अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही लोकांनी? माझ्या घरात चार दिवस अबोला आहे, तो त्या देशापायी! माझी पोर निघाली होती तिथं, मी वाचवली तिला, आणि घरात गुन्हेगार मी!”

बाईंनी पस्तीस वर्षं शेवटच्या बाकावरची पोरं सांभाळली होती. “आधी खाली बस,” त्या म्हणाल्या, “आणि तोंडावर बोट.”

हा सूर भडकूनं शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता. तो बसला. बोट मात्र नाही ठेवलं.

“काय वाचवलंत पोरीला?” बाई पुन्हा ‘तुम्ही’वर आल्या. “अहो, त्या गावांत गाड्यांना आत सोडत नाहीत. सगळ्या दगडी गल्ल्या, पायऱ्या पायऱ्यांच्या, वर डोंगरापर्यंत. बसमधून उतरलं की बॅग ओढत चालायचं. लोक दारात बसलेले असतात. कुठून आलीस, जेवलीस का, विचारतात. न सांगता बॅगेचं दुसरं टोक उचलतात. एक म्हातारी आहे, माझ्याहून मोठी, ती मला दरवर्षी घरी ओढून नेते, बॅगेसकट. मी तिथं दिवसभर चालते. चाकं जातील नाहीतर काय होईल?”

“आणि गुळगुळीत?”

“तिथंही जाऊन आले एकदा. विमानतळावरून गाडीत, गाडीतून हॉटेलात, लिफ्टनं खोलीत. जे बघितलं ते काचेतून. बॅग जमिनीवर चालली असेल पन्नास पावलं. चाक मोडायला आधी कुठंतरी जावं लागतं.”

वादात अडकला की भडकूचा हात आपोआप काठीकडं जायचा. त्यानं निळी बॅग खाली काढली, उलटी केली. “ते ठीक आहे, पण ही बघा. एकोणतीस वर्षं झाली, आणि चाकाला...”

बाईंनी वाकून पाहिलं. “छान आहे हो. कुणाची?”

“बायकोची.”

“कुठंकुठं जाऊन आली?”

भडकू त्या चाकांकडं बघत राहिला. कारखान्यातून आली तशी काळीभोर, चकचकीत. बाई आपली बॅग ठेवून निघून गेल्या तरी तो तसाच बसला होता. मग त्याला राग आला, आणि या वेळी रागावायला समोर कुणीच नव्हतं. वीस वर्षं आपण बॅगा वाचल्या आणि उलट्या वाचल्या. शेकडो माणसं हिंडून फिरून मोडकी चाकं घेऊन दारात आली आणि आपण त्यांनाच मूर्ख म्हणालो. त्यानं हातातला हातोडा आपटला, तो आपल्याच अंगठ्यावर बसला. भर अकरा वाजता त्यानं दुकान बंद केलं. पलीकडच्या चावीवाल्याला वाटलं, कुणीतरी गेलं.

घरी येऊन त्यानं निळी बॅग टेबलावर ठेवली. “मुंगे, चाकखाऊला जा,” तो म्हणाला. “ही घेऊन जा.”

मुंगीनं बॅगेकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. “तिकिटं झाली बाबा. मंगळवारीच. आता त्या विमानात जागा नाही.”

“जागा नाही म्हणजे? कोण म्हणतो नाही? नंबर दे त्या विमानवाल्यांचा, बघतो एकेकाला...”

“ओरडू नका!” हे मुंगी नव्हती बोलली. भडकूची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चार दिवसांचं, आणि कदाचित त्याहून बरंच जुनं, सगळं एकदम बाहेर आलं. “विमानवाल्यांनी काय केलंय? केलंय ते तुम्ही! माझी बॅग एकोणतीस वर्षं फासावर लटकवलीत. गावाला उलटी करून दाखवलीत, बघा कशी कोरी आहे, ओरखडा नाही! तुम्हाला वाटलं, ती मालाची जाहिरात आहे? बायको कुठं गेली नाही, याची जाहिरात करत होतात तुम्ही! आणि आता पोरीचीही तीच गत करायला निघालात!”

भडकूचे कान लाल झाले होते.

“चुकलं माझं!” तो म्हणाला. तेही ओरडूनच, कारण हळू बोलायची सवय नव्हती. ते वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं, त्यामुळे ते भांडणासारखं ऐकू आलं तरी दोघींनी चालवून घेतलं.

दुपारभर मुंगी फोनवर शोधत बसली. एक विमान मिळालं, मैत्रिणींच्या नंतर दोन दिवसांनी, वाटेत दोन ठिकाणी बदलायचं, आणि एकटीनं. भाडं थोडं जास्त होतं. भडकूला एकटीनं हा शब्द गिळायला जड गेला, पण त्यानं तो गिळला. ही शिक्षा आपण कमावली आहे एवढं त्याला कळत होतं. “वरचा फरक मी देणार,” तो फक्त म्हणाला. “यावर चर्चा नाही.” मुंगीनं वही उघडली आणि पहिल्यांदाच त्या पानावर ‘बाबा’ असं लिहून पुढं आकडा मांडला.

निघताना त्यानं बॅगेची चेन तीनदा ओढून पाहिली, हँडल हलवून पाहिलं. “नीट ऐक,” तो दरडावून म्हणाला. “चाकं शाबूत घेऊन परत आलीस, तर दारात उभी करणार नाही.”

ती आली तेव्हा बॅग गल्लीच्या तोंडापासूनच खरडत असल्याचा आवाज येत होता. एक चाक नव्हतंच. दुसरं अर्धं. निळा तळ खरवडून पांढरा पडलेला, आणि फाटलेला कोपरा कुणीतरी अनोळखी हातानं जाड दोऱ्यानं शिवलेला, वेडेवाकडे पण घट्ट टाके. भडकूनं ते टाके बोटानं चाचपले.

“किती कोंबलं होतंस यात?” तो म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो ती बॅग दुरुस्तीला घेऊन बसला असताना बायको दुकानात आली. कित्येक वर्षांत ती तिथं आली नव्हती. जिन्याला डोकं लागू नये म्हणून वाकली, आणि रिकाम्या हुकाकडं एक नजर टाकून म्हणाली, “चाकं मोठी बसवा. दगडावर टिकतील अशी.”

“एवढी कशाला? मुंगी आत्ताच तर आलीय.”

“मुंगी नाही, मी जाणार आहे. नकाशाबाईंबरोबर. विचारून आलेय त्यांना.”

“तू? अगं, आणि पैसे?”

“मुंगी साठवायला कुणाकडून शिकली असं वाटतं तुम्हाला?”

“आणि मी? घर? माझं जेवणखाण?”

“हुक मोकळा झालाय ना,” ती म्हणाली. “आता तुम्ही लटका काही दिवस.”

भडकू खाली वाकून डब्यातली सगळ्यांत मोठी चाकं शोधायला लागला.