अनीसचं विरजण

अनीस गेल्याची बातमी मला गजाननने फोनवर सांगितली. शाळेची मधली सुट्टी संपत आली होती. मी वर्गाकडे निघालो होतो आणि फोन वाजला. "सर, अनीसभाई गेले. सकाळी छातीत दुखलं म्हणे, दवाखान्यात नेईस्तोवर..." माझ्या मनात पहिलं जे आलं ते दुःख नव्हतं. याला माझ्याआधी कसं कळलं, हे आलं. अनीस माझा कॉलेजपासूनचा मित्र. लोणारहून बातमी निघाली तर ती आधी साखरखेर्ड्याला, माझ्याकडे यायला हवी होती. ती मेहकरला गजाननच्या मेडिकल दुकानात कशी गेली आणि तिथून फिरून माझ्याकडे का आली... रडू आलं ते नंतर, एसटीत खिडकीशी बसल्यावर. तिकीट काढून झालं होतं, कंडक्टर पुढे गेला होता, आणि मग आलं.

आमची ओळख खामगावच्या कॉलेजातली. माझे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे आणि घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अनीसच्या वडिलांचं लोणारला कापडाचं लहानसं दुकान, पण पदवी त्यांच्याही घरात कुणाकडे नव्हती. आम्ही एका खोलीत भाड्याने राहायचो. वर्गात प्रश्न विचारायचा म्हटलं की मी वहीत तोंड खुपसायचो. अनीस तो प्रश्न आदल्या दिवशी खोलीत माझ्याकडून म्हणवून घ्यायचा आणि वर्गात ऐन वेळी माझ्या कोपराला हलकाच धक्का द्यायचा. आज मी मुलांसमोर उभा राहून न अडखळता बोलतो, त्यात त्या धक्क्याचा वाटा माझ्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठा आहे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, "धक्का मारून तर आपली बससुद्धा चालू होते बे."

माशांचं वेड त्याने त्याच खोलीत लावलं. बसस्टँडजवळच्या काचवाल्याकडून उरलेल्या काचा कापून आणल्या आणि सिलिकॉन लावून जोडल्या. पहिल्याच दिवशी टाकी एका कोपऱ्यातून गळली आणि माझ्या गादीखाली ओल गेली. पुन्हा जोडली. खाली थर्माकोल घालून ती माझ्या पत्र्याच्या पेटीवर ठेवली, कारण खोलीत सपाट अशी तेवढीच जागा होती. महिनाभर मला कपडे काढायचे झाले की दोघांनी मिळून टाकी उचलावी लागे. समोर एक बांधकाम चालू होतं. तिथली वाळू आणून आम्ही ती पाणी नितळ होईपर्यंत धुतली. मग हौसेने गप्पी मासे आणून त्याच दिवशी सोडले आणि ते सगळे मेले. मी म्हणालो, "आपल्याकडचं पाणीच जड हाय, इथं मासे जगणार नाहीत." अनीस अकोल्याला जाऊन मासेवाल्या दुकानदाराशी बोलून आला आणि येताना एका डब्यात फोमचा मळका तुकडा घेऊन आला.

"हे काय आणलं?"

"विरजण."

"घाण हाय हे."

"दूध नुसतं ठेवलं तं दही होते काय बे? त्याले विरजण लागते ना. पाण्याचंही तसंच हाय."

त्याने मला समजावलं ते असं. फिल्टरच्या फोममध्ये डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वाढतात आणि माशांची घाण तेच पचवतात. नव्या पाण्यात ते नसतात, म्हणून मासे आपल्याच घाणीच्या विषाने मरतात. जुन्या टाकीतला फोम नव्या टाकीत पिळला की पाणी लवकर लागतं, म्हणजे मासे जगण्याजोगं होतं. पण तो फोम कधी साबणाने धुवायचा नाही, नळाखाली धरायचा नाही आणि कोरडा पडू द्यायचा नाही. धुवायचाच तर टाकीतल्याच पाण्यात, हलक्या हाताने. आम्ही थांबलो. पाणी आधी गढूळ झालं, मग आपोआप निवळलं आणि नंतर आणलेले मोली मासे जगले. पुढे त्यांना पिल्लं झाली तेव्हा अनीसने मला झोपेतून उठवलं आणि आम्ही दोघं पेटीसमोर जमिनीवर बसून बघत राहिलो.

शिक्षण संपल्यावर तो मेहकरच्या शाळेत लागला आणि मी साखरखेर्ड्याला. मेहकरला त्याला गजानन भेटला. गजाननचं मेडिकलचं दुकान, मोठा आवाज, मोठं पोट आणि कुणाच्याही खांद्यावर हात टाकायची सवय. मी पहिल्यांदा अनीसच्या मेहकरच्या घरी गेलो तेव्हा समोरच्या खोलीत मोठी टाकी होती. आत वनस्पती, दिवा, हिवाळ्यासाठी हीटर, आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. गजानन बाही वर करून कोपरापर्यंत पाण्यात हात घालून उभा होता. त्याने त्या ओल्याच हाताने माझा हात धरला. अनीस म्हणाला, "मिल्या, गज्या नसता तं ही टाकी उभी राहिली नसती." किती साधं वाक्य. पण जेवताना मी तेच मनात घोळवत होतो. आमची टाकी पेटीवर होती, तिला हीटर नव्हता, आणि ती उभी राहायला आणखी कुणी लागलं नव्हतं.

माझं लग्न झाल्यावर अनीस माझ्याकडेही टाकी लावून देऊन गेला. स्टीलच्या दुधाच्या केटलीत फोम घालून मोटारसायकलवरून आला. माझ्या वडिलांनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "यातले खायचे कोणते?" अनीस गंभीर चेहरा करून म्हणाला, "बाबा, सध्या वाढू द्या. आषाढात बघू." वडील पुढे कितीतरी दिवस त्या माशांकडे आशेने बघायचे. नंतर आम्ही जुनं घर पाडून नवं बांधायला घेतलं आणि टाकी गुंडाळून ठेवली. मासे अनीस घेऊन गेला. "फोम ओला ठेवजो," म्हणून सांगून गेला. मी तो ओला ठेवला नाही... बांधकामाच्या धुळीत केटली कुठे गेली तेही आठवत नाही. अनीसची बदली मग त्याच्या गावी, लोणारला झाली. तिथे तो मुलांना म्हणायचा, "आपल्या गावात एवढं मोठं तळं, पन मासा एक नाही. मासे बघायचे असन तं सरच्या घरी या." मुलं यायची, मुलांचे आईवडील यायचे. गजानन मेहकरहून दर गुरुवारी दुकान बंद ठेवून यायचा. मी जायचो तेव्हा बहुधा नुकताच गजानन येऊन गेलेला असायचा.

आमची शेवटची भेट अशीच झाली. अनीस टाकीसमोर खुर्ची घेऊन बसला होता, थोडा थकलेला वाटला. मी म्हणालो, "त्या गजाननला सांग ना, काय करायचं असन तं. मी काय, पाहुणा." तो हसला. म्हणाला, "तुले अजून राग येते काय बे त्याचा?" मी नाही म्हणालो. तो टाकीकडे बघत राहिला. पंपाची घरघर चालू होती. "बरं वाटते मले," तो म्हणाला. "कोणी तरी कोणावर जळते आपल्यापायी..."

अनीस गेल्यावर त्याच्या घरी माणसांची रीघ लागली. समोरच्या खोलीत सतरंज्या घातल्या, कुराणपठण सुरू झालं. टाकीचा पंप घरघरत होता. पठण चालू असताना हा आवाज बरा वाटत नाही म्हणून एका वयस्कर नातेवाइकाने अदबीने बटण बंद केलं. पुन्हा सुरू करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरात त्या दिवसांत चहा कुणी केला हेही कुणाला सांगता आलं नसतं. मासे गेले. मग चाळिसाव्या दिवसाच्या आधी घराची साफसफाई निघाली तेव्हा अनीसच्या बहिणीने टाकी उपसली. भावाची आवडती वस्तू म्हणून तिने ती साबणाने, मग पांढऱ्या पावडरने, लख्ख धुतली. वाळू धुतली, दगड धुतले, फोम तर घासून घासून पांढरा केला आणि उन्हात वाळत घातला. मी गेलो तेव्हा तो दोरीवर चिमट्याने लावलेला होता. मी त्याकडे बघत उभा राहिलो तर ती म्हणाली, "कितना मैल था भाई उसमें." मी हो म्हणालो.

नंतर अनीसच्या बायकोचा, नसरीन भाभींचा फोन आला. "मिलिंदभाई, रिकामी काच बघवत नाही. काढून टाका म्हणतात सगळे. मला ती चालू पाहिजे. त्यांनी लावली तशी. त्यांचं विरजण तुमच्याकडे असेल ना? तुम्ही तर पहिले दोस्त."

पहिले दोस्त. हा शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो आणि तो ऐकला तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हतं. बाजारात आता या जिवाणूंच्या बाटल्या मिळतात हे मला ठाऊक होतं. एक बाटली आणून ओतली असती तर भाभींना कळलंही नसतं. पण त्यांनी अनीसचं मागितलं होतं. आणि अनीसच्या टाकीतून निघालेला एकच फोम जिवंत होता. तो मेहकरला, गजाननच्या दुकानामागच्या खोलीत अनीसनेच लावून दिलेल्या टाकीत होता.

मी गेलो. दुकानात गर्दी होती. गजाननने मला बघितलं आणि हातातली गोळ्यांची पट्टी तशीच ठेवून बाहेर आला. मी येण्याचं कारण सांगितलं. मला वाटलं होतं तो काहीतरी बोलेल, निदान 'तुमच्याकडे होतं ना सर' असं तरी. तो म्हणाला, "मले भाभीनं काऊन नाही सांगतलं?"

त्याचा आवाज पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत हा माणूस मला कधी दुखावलेला दिसला नव्हता.

"मी पहिला दोस्त म्हणून," मी म्हणालो. हे सांगायची गरज नव्हती. पण मी सांगितलं.

"हाव," तो म्हणाला. "ते तं हाय. माह्याकडं आला का तुमचंच चालू राह्यचं. मिल्यानं असं केलं, मिल्या असा बोलते. मी एक डाव म्हणलं, मंग जाय ना साखरखेर्ड्याले, इथं काय करून राह्यला." त्याने नाक पुसलं. "लई हासला तो."

मागच्या खोलीत त्याने फिल्टर उघडला. फोम काळपट तपकिरी, चिखलासारखा. त्याने तो अर्धा कापला, टाकीच्याच पाण्यात डब्यात बुडवला आणि झाकण सैल लावलं. अर्धा कशाला, लहान तुकडाही पुरला असता. मी तसं म्हणालो. "पुरन ना," तो म्हणाला, "पन माह्या हातून लहान कापवत नाही." मग त्याने दुकानाचं शटर ओढलं. "चला. मी पन येतो."

लोणारला जाताना डबा कोणी मांडीवर घ्यायचा यावरून आम्ही काही बोललो नाही. गाडी तो चालवत होता, म्हणून डबा माझ्याकडे आला. मला त्याचं बरं वाटलं. मनात हेही चाललं होतं की हा फोम अनीसच्या मेहकरच्या टाकीतून आला, ती टाकी आमच्या खामगावच्या खोलीतल्या पाण्यावर लागली, म्हणजे मुळात हे आमचं... जिवाणूंच्या किती पिढ्या त्यात जन्मून मेल्या असतील हे काही मला कळत नाही असं नाही. पण माणूस हक्क सांगायला लागला की विज्ञान मागे राहतं.

भाभींनी समोरची खोली मोकळी करून ठेवली होती. आम्ही थर्माकोल घातला, वाळू पसरली, पाणी भरलं. फिल्टर हातात घेतल्यावर मी म्हणालो, "उजवीकडे. अनीस नेहमी उजवीकडे लावायचा."

"तुमच्या घरी लावला असन. माह्याकडं त्यानं सोताच्या हातानं डावीकडं लावला."

"मला त्याचं कारणही सांगितलं होतं त्याने."

"मले पन सांगतलं होतं."

भाभी दारात उभ्या होत्या. पदर सावरत म्हणाल्या, "इथे कुठे होता ते मला विचारा ना." आम्ही दोघांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. "मधे होता," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर हसू मी तेव्हाच पाहिलं, तेही त्या पाठमोऱ्या होण्याआधी जेमतेम.

फिल्टर मधे लावला. गजाननने फोम पिळला आणि काळं पाणी त्या स्वच्छ पाण्यात धुरासारखं पसरत गेलं. अनीसची बहीण बघत होती. तिने तोंडावर हात ठेवला. एवढी घासूनपुसून ठेवलेली टाकी आम्ही तिच्यादेखत घाण केली होती. भाभींनी तिला जवळ घेतलं आणि कानात काही सांगितलं. मग दोघी त्या गढूळ पाण्याकडे बघत बसल्या, पंप सुरू झाला, आणि खोलीत पुन्हा ती घरघर आली...

पाणी लागलं. भाभींनी मोली मासे आणले. गजानन आपल्या गुरुवारी जातो. मी शनिवारी सकाळची शाळा आटोपली की लोणारची गाडी पकडतो. गेल्या शनिवारी गेलो तर समोरची काच आतून बाहेरून पुसलेली होती, दिव्याची तार नीट बांधलेली होती, पाण्याची पातळी बरोबर. गजाननने मला करायला काहीच ठेवलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि मनातल्या मनात चडफडत राहिलो. मग दिसलं, मागच्या कोपऱ्यात, हीटरच्या आडोशाला, बोटभर रुंदीची शेवाळाची हिरवी पट्टी राहिली होती. मला फार बरं वाटलं. बाही वर केली, पाण्यात हात घातला. पट्टीच्या दोन्ही बाजूंची काच घासलेली होती, अगदी वरपासून खालपर्यंत, सरळ. मधली तेवढी कुणीतरी सोडली होती. मी जरा वेळ हात तसाच पाण्यात ठेवला, आणि मग ती काढायला लागलो.