नऊ दिवसांचा सेवाखंड

काचकारखान्याच्या सूचनाफलकावर मार्च १९९६च्या पहिल्या सोमवारी यादी लागली. नियम एका ओळीचा होता: ज्यांची सलग सेवा वीस वर्षांहून कमी, त्यांची कपात. मिलुंका ती यादी शेजारणीचे नाव शोधण्यासाठी वाचत होती. शेजारच्या काच कोरण्याच्या चाकावर बसणाऱ्या झागोर्काचे नाव सहावे होते. सातवे तिचे स्वतःचे निघाले, आणि त्यापुढे लिहिले होते: अठरा वर्षे, पाच महिने.

"अठरा?" झागोर्का म्हणाली. "अगं, मी आले तेव्हा तुझ्या बोटांना चाकाचे घट्टे पडलेले होते. मला काच धरायला शिकवलीस ती काय पाळण्यातून?"

मिलुंका हसली नाही. सप्टेंबर १९६८मध्ये, लग्नाआधी, ती नक्षी कोरण्याच्या विभागात रुजू झाली होती. साडेसत्तावीस वर्षे. ती तडक कार्यालयात गेली. नव्या सचिवांनी तिची सेवापुस्तिका कपाटातून काढली आणि पान तिच्यासमोर धरले. दहा ऑक्टोबर १९७७: परस्परसंमतीने सेवा समाप्त. वीस ऑक्टोबर १९७७: पुन्हा नियुक्ती.

"खाली सही तुमचीच आहे ना, बाई?"

"माझीच."

"मग मोजणी वीस ऑक्टोबरपासून. मी काय करू?"

सही पाहताच तिला सारे लख्ख आठवले. त्या शरदात तिचे वडील, ओब्राद, अंथरुणाला खिळले होते. ओब्रादने जन्मभर दुसऱ्यांच्या रानात लाकडे तोडली. कुठल्याही कार्यालयाने त्याचे नाव कधी लिहून ठेवले नव्हते. आपल्या मुलीच्या नावाची पुस्तिका असते आणि तिच्यावर शिक्का असतो, एवढेच त्याने ऐकले होते. "एकदा हातात दे पोरी, मग मी निघतो," तो म्हणाला होता. पण पुस्तिका कारखान्याच्या कपाटातून बाहेर पडत असे ती नोकरी सोडणाऱ्याच्याच हाती. त्या वेळच्या लेखनिक वुकोसावाबाई मोठ्या नियमनिष्ठ. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि नियम न मोडता वाट काढली: कागदावर नोकरी संपवली, पुस्तिका दिली, आणि ती परत मिळाल्यावर नोकरी पुन्हा सुरू केली. "कागदापुरतं आहे गं. तू रोज कामावर ये, आणि बापाला माझा नमस्कार सांग." कारखान्यात कपात होईल, वर्षे मोजायची वेळ येईल, हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. भट्टी होती, तिच्याभोवती गाव होते.

ओब्रादला वाचता येत नव्हते. तो अंगठ्याने शिक्का चाचपीत असे; आल्यागेल्याला राकिया या गावठी दारूचा पेला देऊन पुस्तिका उशाखालून काढून दाखवीत असे. नऊ दिवस त्याने ती जवळ ठेवली. मिलुंका सकाळी कामाला जाई आणि दुपारी परत येऊन त्याच्याजवळ बसे. दहाव्या दिवशी, दफनविधी उरकून, तिने पुस्तिका परत केली.

वुकोसावाबाईंना जाऊन आठ वर्षे झाली होती. हजेरीपटांची रद्दी झाली होती.

"मग साक्षीदार कोण? झागोर्का स्वतःच यादीत, तिचं कोण ऐकणार?" कामगार प्रतिनिधी रातोमिरने विचारले. तो स्वभावाने रागीट. पण त्या दिवशी शांतपणे ऐकत होता. "आणि वडिलांची गोष्ट समितीपुढे सांगू नकोस. म्हणतील, बाईने स्वतःच नोकरी सोडली."

"खोटं नाही सांगणार मी. वुकोसावाबाईंवर चूक लादणार नाही."

"बरं बाई, नको लादूस. त्या नऊ दिवसांत तू काय केलंस, ते सांग."

"काय करणार? काच कोरली."

रातोमिर उठलाच. त्यांच्या विभागाचा एक जुना रिवाज होता. दर शनिवारी आठवड्यातला सर्वांत चांगला नग विक्रीला न पाठवता नमुन्यांच्या खोलीत ठेवायचा, आणि कोरणाऱ्याने त्याच्या बुडाशी चाकानेच आपल्या नावाची अक्षरे व तारीख घालायची. कोणाचा नग ठेवायचा यावरून शुक्रवारी अबोले होत, शनिवारी मिटत.

खोली कित्येक वर्षांनी उघडली. धूळ पुसत मिलुंका आणि झागोर्का या दोघींनी फळ्या धुंडाळायला घेतल्या. "हा देसांकाचा. तिची पानं नेहमी डावीकडे झुकायची." "आणि हा वाडगा बघ, तिचं लग्न ठरलं त्या आठवड्यातला. सगळी फुलंच फुलं!" तासभर त्या कपातीची यादी विसरून गेल्या. निम्म्या अक्षरांची माणसे आता स्मशानात होती, उरलेली जर्मनीत.

चौथ्या फळीवर, मागच्या रांगेत, एक फुलदाणी सापडली. बुडाशी मिलुंकाची अक्षरे, आणि १५ ऑक्टोबर १९७७. नक्षी अगदी साधी होती, नुसत्या उभ्या रेघा. बाप मरणाच्या दारात असताना तिचा हात एकदाही हलला नव्हता.

समितीपुढे मिलुंकाने सारी हकीकत वडिलांसह सांगितली; रातोमिर छताकडे पाहत राहिला. मग त्याने फुलदाणी टेबलावर उपडी ठेवली. "जी बाई नोकरीतच नव्हती, तिनं पंधरा तारखेला आमच्या चाकावर हे कसं कोरलं? चोरून आली असेल, तर शिक्षा करा!"

सचिवांनी तारीख दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. सेवा सलग धरण्यात आली. सत्तावीस वर्षे, सहा महिने.

ती परतली तेव्हा झागोर्का आपले चाक धूत होती.

"किती भरली?"

"सत्तावीस." मिलुंका थबकली. "तुझाही एखादा नग शोधू या का गं?"

"शोधून काय करू? माझी एकोणीसच आहेत. काच काही वाढवून देणार नाही." तिने हात एप्रनला पुसले. "बस इथं. हे चाक आता तुझ्याकडेच येणार, म्हणून सांगते. याला पाण्याची धार बारीक ठेवायची, नाहीतर रेघ फाटते. आणि सकाळी थोडं घरघरतं. घाबरायचं नाही, तापलं की गप्प होतं."

एकोणीस वर्षे त्या चाकाशेजारी बसलेली मिलुंका स्टूल पुढे ओढून बसली, आणि नवख्या मुलीसारखी एकेक गोष्ट ऐकत राहिली.