अक्षदानं धरून ठेवलेला सूर

दोन सूर एकमेकांना घासले की चूक पोरीचीच, हे तुमच्या कानाला कुणी शिकवलं?

संपतच्या कानाला घरानंच शिकवलं होतं. घर धनगराचं; मेंढरं गेली, शेती आली, पण ओव्या राहिल्या. ओवीत सोबत्याचा सूर ढळला, की दुसऱ्यानं गळा मोठा करून त्याला आपल्याकडं ओढायचं. सावरणं म्हणतात त्याला.

नव्याण्णव साली तो केडगावला गाणं शिकवणाऱ्या सुषमाबाईंकडं हार्मनी, म्हणजे दोघांनी दोन वेगळे सूर एकत्र गाणं, शिकू लागला. जोडीला कासुर्डीची अक्षदा, झेंडूवाल्या बाळासोंची पोर. तिचा सूर वरचा, याचा खालचा.

"ही सूर धरून थांबेल," बाई पेटीवर बोटं ठेवून सांगायच्या. "संपत, तू आधी खाली उतर. घासेल. घासू दे! मग ती उतरली की बघ कसं गोड लागतं."

"बाई, दाताखाली खडा आल्यागत वाटतंय."

"आन् तुला थुकायची घाई," अक्षदा हसली.

शिरूरच्या स्पर्धेत तो खाली उतरला. सूर घासले. पुढच्या रांगेतल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आणि संपतचा धीर सुटला. वरच्या सुरावर उडी मारून त्यानं तिचीच ओळ मोठ्यानं ओढली. अक्षदा गप्प झाली.

"पोरगी चुकली, पोरानं सावरलं!" मांडवातनं लोक ओरडले, टाळ्या पडल्या. संपतनं मान खाली घालून हार घालून घेतला.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, "मी चुकले नव्हते."

"व्हय, म्हाईत हाय मला."

"मग तिथं का न्हाई बोललास?"

ती पुन्हा शिकवणीला आली नाही. संपत कासुर्डीला गेला, तर बाळासो तोडलेल्या फुलांवर पाणी मारत होते. "गावात हसं झालं तवा कुठं व्हतास? बास झालं गाणं."

त्या दिवसापासून गोड सूरही त्याला गोड लागेना. पुढच्या वर्षी त्याच मंचावर चढून त्यानं सांगून टाकलं, "चूक माझी व्हती. अक्षदानं सूर बरोबर धरला व्हता."

"काय मोठ्या मनाचं पोरगं!" लोक म्हणाले. पुन्हा टाळ्या. त्यालाच!

संपतचं तोंड कडू झालं ते आजतागायत. एकट्यानं हे फिटणार नाही. तेव्हा त्या मांडवात टाळ्या वाजवणाऱ्यांनो, एकदा कासुर्डीला जा. बाळासोंच्या दारात उभं राहून, गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणा: तुमची पोरगी चुकली नव्हती.