उशाखालचे पाव

माझे सासरे रेल्वेतून रिटायर होऊन दौंडला आमच्याकडे राहायला आले आणि वर्षभरातच त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चहात बुडवून खायचा पाव बंद केला. ज्वारीची भाकरी सांगितली, तीही न चाळलेल्या पिठाची, एका वेळी एकच, सोबत पालेभाजी.

पहिल्याच दिवशी मामंजींनी ताट ढकललं. "गावाकडं निमोण्यात ल्हानपणी हेच खाल्लं. आता म्हातारपणी बी हेच व्हय? उपाशी मारायला निघाली ही."

नवरा जेवत राहिला.

पंधरा दिवसांनी दवाखान्यात साखर बघायला त्यांची लघवी निळ्या औषधात तापवली, तर ती विटेसारखी लाल झाली, म्हणजे साखर भरपूर. डॉक्टर मलाच म्हणाले, "बाई, तुम्ही पथ्य सांभाळत नाही."

घरी येऊन मी त्यांची उशी उचलली. खाली कागदात गुंडाळलेले चार पाव होते. त्यांच्या डोळ्यांदेखत मी ते दारातल्या शेळीपुढे टाकले.

"माझ्या लेकाच्या घरात माझा घास काढतीस?"

"काढते," मी म्हणाले.

त्यानंतर ते माझी भाकरी खात, पण माझ्याशी बोलत नसत. मीही मायेनं थापत नव्हते. पुन्हा डॉक्टरांपुढे खोटी पडायचं नव्हतं, एवढंच.

तीन महिन्यांनी औषध लाल न होता हिरवट झालं. डॉक्टर खूश झाले. मामंजी म्हणाले, "तुमच्या गोळ्यांनी गुण आला, साहेब."

मी शेजारीच उभी होते. परतताना टांग्यात ते माझ्याकडे पाठ करून बसले, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.